टीव्हीले उशिरा कयते

रिमोट दुरुस्तीला आलेला माणूस हल्ली जाता जाता विचारतो, "भाऊ, पोट्ट्यासाठी तालाचा गेम कोनता घेऊ?" पुण्याच्या भाच्याने जुना कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, दिलेला असतो, नाहीतर कपाशीचे पैसे आले की नवा घ्यायचा बेत असतो. आर्वी तालुक्यातलं माझं दुकान टीव्ही-डिश दुरुस्तीचं. मागच्या टेबलावर एक कन्सोल कायम जोडलेला असतो, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. सांगतो, पण आधी मीच विचारतो की घरी टीव्ही कोणता आहे. समोरच्याला वाटतं, हा आता टीव्हीच गळ्यात मारणार.

ही सवय मला आमच्या भजन मंडळातल्या काकाजींनी लावली. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे तिवसा तालुका, तिथेच मोझरीचा गुरुकुंज आश्रम. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेला हा मुलुख. 1968 साली महाराज गेले तेव्हा काकाजी शाळकरी पोर होते. खंजिरी तेव्हापासून हातात आहे. एकदा सेट टॉप बॉक्स घेऊन आले आणि माझा पोरगा 'ताइको नो तात्सुजिन' खेळताना पाहून तिथेच बसले. हा जपानी ढोलाचा गेम, 2001 साली आधी आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या मशीनवर आला. पडद्यावरून गोल सरकत येतात. लाल आला की ढोलाच्या मधोमध थाप, निळा आला की काठावर. मोठा गोल आला तर दोन्ही हात. काकाजींना समजवायला अर्धा मिनिटही लागला नाही.

बटणांचा रिमोट हातात घेतला, गाणं सुरू झालं, आणि काकाजींचा एकेक ठोका चुकीचा पडायला लागला. ज्या माणसाच्या बोटाखाली सगळं मंडळ चालतं, त्याला हे यंत्र नापास करत होतं. माझा पोरगा गालात हसत होता. काकाजींनी दुसरं गाणं लावायला सांगितलं, डोळे मिटून वाजवलं, तरी तेच. मग रिमोट खाली ठेवून म्हणाले, "मी तं मारतोच बरोबर. तुह्या टीव्हीलेच उशिरा कयते, बाप्पा."

आणि काकाजींचं खरं होतं. पोरगा रोज खेळून त्या उशिराला सरावला होता, गोल रेषेवर यायच्या जरा आधीच बटण दाबायचा. काकाजींचा हात तालावर पडत होता.

हे नीट समजून घ्या, कारण निम्मे लोक गेमला शिव्या घालतात तेव्हा दोष इथे असतो. कन्सोल सहसा सेकंदाला 60 चित्रं पाठवतो, म्हणजे एक चित्र साधारण 17 मिलिसेकंदांचं. आजचा टीव्ही ती चित्रं आली तशी दाखवत नाही. रंग उजळवतो, चित्रातले दाणे पुसतो. हालचाल मऊ दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधलं तिसरं स्वतः बनवणारे टीव्हीही आहेत. ते बनवायचं तर पुढचं चित्र हातात यायची वाट बघावी लागते. असं करत सहा चित्रं मागे राहिली की 100 मिलिसेकंद गेले. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतरच 500 मिलिसेकंद असतं, त्यातला पाचवा हिस्सा टीव्हीने खाल्ला. सिनेमा बघताना हे कळत नाही. तालात लगेच कळतं. जुन्या डब्बा टीव्हीत ही भानगड नव्हती.

मी टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू केला, त्यात टीव्ही ही रंगरंगोटी कमी करतो. मग गेमच्या आत ठोका मागेपुढे करायची सोय असते, ती काकाजींना विचारत एकेक अंकाने सरकवली. दोन-तीनदा "आनखी थोडं" म्हणाले, मग नुसता हात वर केला. पुढच्या गाण्यात शंभरावर ठोके न चुकता. "आता ऐकू येऊन राह्यलं त्याले," म्हणाले. ब्लूटूथ स्पीकर जोडायची हौस असेल तर तीही आवरा. त्याचा आवाज हमखास मागे राहतो. तारेचा स्पीकर लावा, नाहीतर टीव्हीचाच ठेवा.

तर गेम कोणता? मी ताइकोच सांगतो. 'रिदम फेस्टिव्हल' नावाचा भाग 2022 मध्ये निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला आणि 2024 मध्ये प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्सवरही. गाणी बहुतेक जपानी, पण पोरांना त्याचं काही वाटत नाही. स्विच असेल तर आमच्याकडे अजून एक सोय. उन्हाळ्यात लाइन गेली की तो टीव्हीपासून काढून हातात घ्यायचा. बॅटरीवर चालतो, आणि पडदा स्वतःचाच असल्याने टीव्हीच्या उशिराची कटकटही गेली. टीव्हीला जोडलेला स्विच 20 वॉटच्या आत भागवतो, प्लेस्टेशन 5 खेळताना 200च्या आसपास खातो. इन्व्हर्टर लहान असेल तर हा हिशेब घरच्या कर्त्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

नाचाचाच हवा असेल तर 'जस्ट डान्स', 2009 पासून चालू आहे. फक्त 2023च्या आवृत्तीपासून डबीत डिस्क येत नाही, कोड येतो, आणि गेम उतरवून घ्यायला नेट लागतं. गच्चीवर गेल्याशिवाय मोबाइलला रेंज येत नसेल तर जुनी आवृत्ती शोधा. बाकी हा गेम बहुतेक कन्सोलवर रिमोट धरलेला हातच बघतो, पायांकडे त्याचं लक्ष नसतं. आमच्या आत्यांनी बाजेवर बसल्या बसल्या नुसता हात हलवून, नाचून नाचून घामाघूम झालेल्या दोन भाच्यांना हरवलं. एकट्याने खेळणारा मोठा पोरगा असेल तर 'हाय-फाय रश' बघा, त्यात मारामारीच ठोक्यावर चालते.

प्लास्टिकच्या गिटारीच्या मागे मात्र लागू नका. 'गिटार हीरो' 2005 साली आला तेव्हा त्याची मजा होती, आता त्याची मूळ गिटार सेकंडहँडच मिळते. मी नागपुरातून एक स्वस्तात आणली, घरी येऊन बघतो तर कन्सोलला लावायचा डोंगलच नाही. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. गिटार दुकानात खिळ्याला टांगली आहे, लहान पोरं फोटो काढतात. नव्या गिटारीसह 2015 साली आलेल्या 'गिटार हीरो लाइव्ह'मध्ये शेकडो गाणी नेटवरून यायची. 2018च्या डिसेंबरात ती सेवा बंद झाली आणि डिस्कवरची 42 गाणी तेवढी उरली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, गाणी डिस्कवर किंवा मशीनमध्ये आहेत का ते बघूनच पैसे मोजा.

ताइकोचा ढोलही वेगळा मिळतो, दोन काड्यांसकट. काकाजींनी मोबाइलवर त्याचा फोटो पाहिला, मोठा करून काठ निरखला, किंमत विचारली. मी सांगितली. चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "इतल्यात तं मी आख्ख्या मंडयाले खंजिऱ्या घेऊन देतो." मग रिमोट उचलला आणि पोराला म्हणाले, "लाव बे पुढचं."