तुम्ही विचारलंत म्हणून : फार्माकोन म्हणजे औषध की विष?

पंचवीस वर्षं मी मेडिकल चालवलं आणि साठी उलटल्यावर प्राचीन ग्रीक शिकायला बसलो. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी विचारतंच, ‘काका, फार्मसी ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थ विष असाही होतो म्हणे?’ विचारणारा गालात हसत असतो. म्हणजे मी इतकी वर्षं काय विकलं, हा पुढचा प्रश्न.

हो, होतो. ‘फार्माकोन’ म्हणजे औषध, विष, जादूचं द्रव्य आणि चक्क रंगसुद्धा. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं इराणातल्या एकबताना शहराच्या तटांच्या रंगीत माथ्यांचं वर्णन केलंय, तिथे रंगासाठी हाच शब्द आहे.

होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात किर्के नावाची चेटकीण खलाशांच्या खाण्यात फार्माकोन कालवून त्यांची डुकरं करते. तिच्यापासून वाचायला हर्मीस देव काव्याचा नायक ओडिसियस याला काळ्या मुळाची, दुधासारख्या फुलाची वनस्पती देतो, तीही फार्माकोनच. त्याच काव्यात राणी हेलन दारूत जे फार्माकोन मिसळते ते इजिप्तचं. ते प्यायल्यावर आईबाप गेले तरी त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस येणार नाही. इजिप्तच्या जमिनीत अशी पुष्कळ द्रव्यं उगवतात, काही गुणकारी, काही घातक, असं होमर सांगून टाकतो. शब्दाला तो विशेषण लावतो आणि पुढे जातो. हिपोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावानं चालत आलेल्या शपथेतही वैद्य ‘प्राणघातक फार्माकोन कुणाला देणार नाही’ म्हणतो. विशेषण लावावं लागतं, यावरूनच कळतं की शब्द एकटा असताना कोणत्याच बाजूचा नाही. शरीरात, कापडात, मनात शिरून तिथलं काहीतरी बदलणारी वस्तू, एवढाच त्याचा अर्थ. ‘जीवन हेच औषध आणि विष’ छापाचे सुविचार त्यावर रचले जातात, ते मला सहन होत नाहीत.

इसवीसनपूर्व 399 मध्ये सॉक्रेटिसला दिलेल्या पेल्याचं वर्णन प्लेटोनं ‘फायडो’त केलंय. त्या विषाला आपण हेमलॉक म्हणतो. प्लेटो तिथे नुसतं फार्माकोन लिहितो. तुरुंगातला माणूस सांगतो, आम्ही पुरेल एवढंच वाटतो. वाचताना मला माझा खलबत्ता आठवला आणि पुस्तक मिटावं लागलं.

पण खरी गंमत प्लेटोच्याच ‘फायड्रस’ या संवादात. इजिप्तचा देव थ्यूथ अक्षरं शोधून राजा थामूसकडे नेतो आणि म्हणतो, हे स्मृतीचं फार्माकोन आहे. राजा म्हणतो, उलट आहे. लोक लिहिलेल्यावर विसंबतील आणि विसरायला लागतील. हे फार तर आठवण करून देण्याचं फार्माकोन. इंग्रजी अनुवादकाला इथे एक बाजू घ्यावी लागते. ‘उपाय’ अशा अर्थाचा शब्द घातला की देवाचं म्हणणं पोचतं, पण राजाच्या उत्तरातला काटा बोथट होतो. देरिदा या फ्रेंच तत्त्वज्ञानं 1968 मध्ये याच शब्दावर लांबलचक निबंध लिहिला. मी तो दोनदा वाचला, निम्मा कळला.

आपल्याला मात्र तेवढी अडचण नाही. खोकल्याचं औषध खोकला घालवतं आणि ताकदीचं औषध ताकद आणतं. ‘चं’ तोच, काम उलटं. मग ‘स्मृतीचं औषध’ स्मृती आणणारं की घालवणारं? थ्यूथ आणि थामूसचं सगळं भांडण या एका ‘चं’मध्ये बसतं. ग्रीकमध्येही तिथे षष्ठीच आहे. शिवाय कपाशीवर मारतात ते औषध, ढेकणांचं औषध, उंदराचं औषध. आणि गावाकडे आवाज खाली आणून ‘त्यानं औषध घेतलं’ म्हणतात, तेव्हा कोणतं, हे कुणी विचारत नाही. विषाला औषध म्हणणारे आपण ग्रीकांचं नवल का करतो, कोण जाणे.

आजच्या ग्रीकमध्ये दोन शब्द वेगळे झालेत. ‘फार्माको’ म्हणजे औषध, ‘फार्माकी’ म्हणजे विष. सोय झाली असणार.

माझ्या काउंटरवर एखादं पोर धापा टाकत यायचं. ‘आईनं औषध आणायला सांगितलंय.’

‘कशावर?’ मी विचारायचो. खोकल्यावर की उंदरावर, ते कळेपर्यंत मी फळीकडे वळत नसे.