नळाशिवाय चाकं साफ करताना

माझी गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये असते. तिथे नळ नाही. त्यामुळे अलॉय चाकांवर साचणारी काळपट भुकटी मी बरेच दिवस कोरड्या फडक्यानेच पुसत होतो. एकदा मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला, तर रिमवर बारीक ओरखड्यांचं जाळं दिसलं. फार वाईट वाटलं, कारण ते सगळे माझ्याच हातचे होते.

ही भुकटी म्हणजे साधी धूळ नव्हे. ब्रेक दाबला की पॅड बिडाच्या डिस्कवर घासतात आणि दोन्ही झिजतात. त्यातून उडणारे लोखंडाचे कण तापलेले असतात, ते चाकाला चिकटतात आणि ओलावा लागला की गंजून घट्ट धरतात. त्यावर कोरडा फडका फिरवणं म्हणजे पॉलिशपेपर घासणंच. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढची चाकं जास्त काळी होतात. हवेचा झोत मारून भुकटी उडवायचा विचारही मनात आला होता, पण ती नाकातोंडात जाते, म्हणून तो सोडला.

आता मी बादलीत चारेक लिटर पाणी घेऊन त्यात रिन्सलेस वॉश नावाचं गाडी धुण्याचं द्रावण मिसळतो. ते नंतर धुवून काढावं लागत नाही. ते मळ भिजवून सैल करतं आणि फडका घसरता ठेवतं. तेच पाणी स्प्रे बाटलीतही भरतो. गाडी नुकतीच आणलेली असेल तर थांबतो. चाक हाताला गार लागल्याशिवाय काहीही फवारत नाही, नाहीतर द्रव जागेवरच सुकून डाग पडतात.

फवारल्यावर दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. खरं काम इथेच होतं. मग चिंब भिजलेला मायक्रोफायबरचा मऊ फडका घ्यायचा, न दाबता एकाच दिशेने फिरवायचा आणि लगेच बाजू बदलायची. फडक्याची चौघडी केली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. मळलेला फडका मी पुन्हा बादलीत बुडवत नाही, नवा घेतो. चाकांचे फडके बॉडीला तर कधीच लावत नाही. नटांच्या खोबणीत मऊ ब्रश फिरवतो.

तरीही आऱ्यांच्या मुळाशी तपकिरी ठिपके उरलेच. त्यासाठी आयर्न रिमूव्हर, म्हणजे चिकटलेले लोखंडाचे कण काढणारा द्रव, आणला. मारल्यावर मिनिटभरात ठिपक्यांभोवती जांभळा रंग फुटला आणि ओघळ खाली उतरू लागले. त्यातलं रसायन लोखंडाशी संयोग पावतं, म्हणून हा रंग येतो. वास मात्र सडक्या अंड्यांसारखा, शिवाय तळघर बंदिस्त. त्यामुळे तेव्हापासून हे काम मी गाडी उघड्यावर, सावलीत नेऊन करतो. हातमोजे घालतो, चाकाखाली जुना टॉवेल अंथरतो. हा द्रव सुकू द्यायचा नाही. वाहतं पाणी नसल्यामुळे बाटलीतलं पाणी सढळ हाताने मारून ओल्या फडक्याने दोनदा टिपून घेतो. हा प्रकार वर्षातून दोनदा पुरतो.

शेवटी कोरड्या फडक्याने टिपून रिमवर सीलंटचा, म्हणजे संरक्षक थर देणाऱ्या द्रवाचा, पातळ हात देतो. डिस्कला त्याचा थेंबही लागू देत नाही. मग गाडी हळू पुढे घेऊन दोन-तीनदा अलगद ब्रेक दाबतो, म्हणजे ओल्या डिस्क कोरड्या होतात. सीलंट लावल्यापासून भुकटी तितकी धरत नाही. गेल्या खेपेला रिन्सलेस वॉशच्या पाण्याच्या दीड स्प्रे बाटलीत चारही चाकं झाली.