माझगावची कदूरी, शांघायची कदूरी

केहीमकर हे नाव आम्हा मुलींना पाठ होते. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ साली बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, मुलांसाठी शाळा काढली, तिचीच पुढे मुंबईतल्या माझगावची आपली ही सर एली कदूरी शाळा झाली, हे दर वर्षी कुणीतरी भाषणात सांगायचेच. सर एली कदूरी मात्र पाटीवर आणि प्रगतिपुस्तकावर होते, तेवढेच. मूळ बगदादचे, चीनकडे व्यापारात नाव काढलेले, शाळेला मोठी देणगी दिलेले गृहस्थ, यापलीकडे त्यांची ओळख नव्हती. हजेरीला नागावकर, पेणकर, झिराडकर, शेख, कांबळे अशी नावे ओळीने यायची. कदूरी आडनावाचे आमच्यात कुणी नव्हते.

शतकोत्तर सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी पुष्कळ जण लिहितील, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मला लिहायचे आहे ते याच नावाच्या दुसऱ्या एका शाळेबद्दल, आणि तिथे शिकलेल्या एका मुलीबद्दल.

लग्नानंतर आम्ही इस्रायलला आलो आणि अश्दोदला घर मिळाले. वरच्या मजल्यावर बर्लिनच्या एक बाई राहायच्या. मला नोकरीचा अर्ज भरायचा होता आणि माझे हिब्रू प्रार्थनेपुरते, म्हणून त्यांच्याकडे गेले. शिक्षणाच्या रकान्यापाशी मी शाळेचे नाव सांगितले आणि त्यांनी पेन खाली ठेवले. इथे कदूरी म्हटले की लोकांना ताबोर डोंगराच्या पायथ्याची शेतकी शाळा आठवते. पुढे इस्रायलचे पंतप्रधान झालेले यित्झाक राबिन तिथे शिकले. ती शाळा सर एलींचे बंधू सर एलिस यांनी मागे ठेवलेल्या पैशांतून उभी राहिली. मला वाटले, त्या तेच विचारणार. त्या म्हणाल्या, “मीपण कदूरीचीच. शांघायची.”

पुढे आमच्या मुलांच्या त्या मावशीच झाल्या. त्यांचे नाव इथे लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. संध्याकाळी गॅलरीत बसून त्यांनी मला जे सांगितले त्यातले थोडे लिहिते.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, जाळली गेली, तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्यांच्या वडिलांना घरातून उचलून साक्सेनहाउसेनच्या छावणीत नेले. देश सोडून जाण्याची कागदपत्रे दाखवा आणि माणूस घेऊन जा, असा तेव्हाचा खाक्या. आईने वकिलातींचे उंबरठे झिजवले. अमेरिकेचा कोटा भरलेला, इंग्लंडला हमी देणारे कुणी हवे, पॅलेस्टाइनसाठी परवाना हवा. शांघायला उतरायला तेवढा व्हिसा लागत नव्हता. १९३७ मध्ये जपान्यांशी झालेल्या लढाईत चिनी सरकारचा तिथला अंमल गेला होता आणि बंदरावर पासपोर्ट तपासायचे काम परक्या सत्तांपैकी कुणी अंगावर घेतले नव्हते. “शांघायने आम्हाला बोलावले नव्हते. दारावर कुणी नव्हते, म्हणून आम्ही आत गेलो,” असे मावशी म्हणायच्या. जगातल्या मोठमोठ्या देशांनी कायद्याने दारे लावून घेतली आणि अठरा-वीस हजार माणसे वाचली ती एका शहरात तो कायदाच नव्हता म्हणून, याचा मला आजही संताप येतो.

जहाज इटालियन होते, जिनोआहून सुटलेले. जर्मनीतून माणशी दहा मार्क बाहेर नेता येत. सुएझमधून एडन, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग असा जवळजवळ महिन्याचा प्रवास. मुंबईत जहाज थांबले होते. डेकच्या कठड्याला टेकून या मुलीने बंदरावरचे हमाल पाहिले, उकाड्याने जीव घाबरा झाला, एवढीच मुंबई तिच्या लक्षात राहिली. तिथून थोड्याच अंतरावर माझगावात आपली शाळा होती आणि माझी आई त्या वर्षी तिथे तिसरीत शिकत होती. मी हे सांगितले तेव्हा मावशींनी आईबद्दल किती प्रश्न विचारले! ती शाळेत कशी जायची, डब्यात काय न्यायची, घरी अभ्यास कोण घ्यायचे. १९३९ साली एका ज्यू मुलीचा दिवस असाही जात होता, हे त्यांना ऐकत राहावेसे वाटे.

शांघायच्या धक्क्यावर उतरल्यावर उघड्या ट्रकांतून सगळ्यांना होंगक्यू भागात नेले. दोन वर्षांपूर्वीच्या लढाईत तिथल्या गल्ल्याच्या गल्ल्या जळून पडल्या होत्या. निर्वासितांसाठी मोठ्या इमारतींत वसतिगृहे केली होती. एकेका दालनात कितीतरी कुटुंबे, एकावर एक लाकडी बाकडी, आणि आडोसा म्हणून मध्ये टांगलेल्या चादरी. शहराच्या दुसऱ्या टोकाला मात्र बडे बगदादी ज्यू राहत होते. आपल्याकडे ससून डॉक ज्यांच्या नावाचा आहे त्याच घराण्यातल्या सर व्हिक्टर ससून यांच्या तिथे टोलेजंग इमारती होत्या. एली कदूरी तरुणपणी ससूनांच्याच पेढीत लागून मुंबईवरून चीनला गेले होते. या घराण्यांनी निर्वासितांसाठी पैसा दिला, जागा दिल्या. होरेस कदूरी, म्हणजे सर एलींचे चिरंजीव, यांनी मुलांची बाजू उचलली. नोव्हेंबर १९३९ मध्ये होंगक्यूत शाळा सुरू झाली. तिचे खरे नाव शांघाय ज्यू युथ असोसिएशनची शाळा, पण सगळे कदूरी शाळाच म्हणत.

त्या शाळेबद्दल बोलताना मावशींचा आवाज वेगळाच लागायचा. सहाशेच्या आसपास मुले. शिक्षक बहुतेक स्वतःच निर्वासित. मुख्याध्यापिका लूसी हार्टविख, त्याही बर्लिनच्या. शिक्षण इंग्रजीतून, आणि मुलांना येई जर्मन. पहिले काही महिने मुले नुसती तोंडाकडे बघत बसायची. मग कवितांमधून, खेळातल्या आरोळ्यांतून इंग्रजी अंगवळणी पडले. हिब्रू होते, ज्यू इतिहास होता, गणित होते. गणिताचे गुरुजी शांघायच्या उकाड्यातही बर्लिनहून आणलेला लोकरी कोट घालून यायचे, कारण तो एकच कोट होता आणि कोटाशिवाय वर्गात यायचे त्यांच्या मनाला पटत नसे. बाही कोपरावर विरली तेव्हा आतून दुसऱ्या रंगाचे कापड लावून आणली होती. फळ्याकडे हात गेला की ते ठिगळ दिसायचे. कुणी हसत नसे. सगळ्यांच्याच घरी तशी ठिगळे होती.

“घरी मी निर्वासित होते. रस्त्यावर निर्वासित होते. जेवणाच्या रांगेत तर होतेच. शाळेत मी सातवीतली मुलगी होते,” असे त्या सांगायच्या. गृहपाठ झाला नाही म्हणून रागावून घेणे, शेजारणीशी अबोला धरणे, परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणे, हे सगळे त्या शाळेने त्यांना मिळवून दिले. शाळेने ज्ञान दिले, संस्कार दिले, असे आपण समारंभात म्हणतो आणि ते खोटे नाही. पण वडिलांना छावणीत नेताना पाहिलेल्या पोरीला गृहपाठाची चिंता करता यावी, एवढी साधी गोष्ट करून दाखवायला किती माणसांनी किती जीव टाकला असेल!

वर्षभराने कुटुंबाला गल्लीत एक खोली मिळाली. नळाचे पाणी उकळल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, हा पहिला धडा. आमांश, विषमज्वर घरोघरी होता. भाजी-फळे परमँगनेटच्या पाण्यात बुडवून घ्यायची. खोलीत पाणी उकळत बसायला जळण परवडत नसे, म्हणून कोपऱ्यावरच्या उकळत्या पाण्याच्या दुकानातून पाणी विकत आणायचे. तिथे बांबूच्या चकत्या मिळत. पैसे भरून आधी चकत्या घ्यायच्या, आणि रोज एक चकती टाकली की दुकानदार मोठ्या हंड्यातून पळीने थर्मास भरून द्यायचा. ते काम या मुलीकडे होते. चिनी बायकांच्या रांगेत उभी राहून तिने शांघायची बोली उचलली, आधी आकडे, मग घासाघीस, मग शिव्यासुद्धा. स्वयंपाकाला मातीच्या कुंडीएवढी शेगडी. तीत कोळशाच्या भुकटीच्या वड्या घालून दारात बसून विंझणवारा घालायचा, धूर ओसरला की शेगडी उचलून आत न्यायची. आमच्या चाळीतही पावसाळ्यापूर्वी कोळशाच्या चुऱ्याचे गोळे थापून गच्चीवर वाळत घालत, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी मला ते कसे थापायचे हे विचारून घेतले आणि आपली रीत समजावून दिली. पस्तीस-चाळीस वर्षांनंतरही हात अचूक फिरत होते.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने अमेरिकेवर हल्ला केला, सगळे शांघाय जपान्यांच्या हाती गेले आणि अमेरिकेहून येणारी मदत आटली. बऱ्याच जणांना दिवसातून एक जेवण मिळू लागले. त्याच सुमारास जर्मनीने देशाबाहेरच्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले, म्हणजे हे लोक आता कुठल्याच देशाचे नव्हते. १८ फेब्रुवारी १९४३ ला जपानी अधिकाऱ्यांचा हुकूम निघाला: १९३७ नंतर आलेल्या ‘देशहीन निर्वासितांनी’ १८ मेच्या आत होंगक्यूतल्या ठरवून दिलेल्या भागात राहायला जायचे. हुकुमात ज्यू हा शब्द कुठेही नव्हता. जेमतेम एक चौरस मैल जागा, आणि तिथे लाखभर चिनी आधीच दाटीवाटीने राहत होते. तारेचे कुंपण नव्हते. नाक्यानाक्यावर पहारा होता, आणि पहाऱ्याला निर्वासितांतलेच पुरुष पाळीपाळीने उभे केले जात.

बाहेर जायचे तर पास. पास देणारा जपानी अधिकारी घोया स्वतःला ज्यूंचा राजा म्हणवून घ्यायचा. बुटका माणूस, एखादा उंच अर्जदार समोर आला की बिथरायचा, टेबलावर चढून थोबाडीत मारायचा. दुसऱ्याच क्षणी एखाद्या लहान मुलाशी गोड बोलायचा. मावशींचे वडील उंच होते. शहराच्या दुसऱ्या भागात रात्रीच्या पहारेकऱ्याची नोकरी होती आणि पासशिवाय ती टिकणार नव्हती. दर वेळी तासन् तास रांगेत उभे राहायचे, खिडकीपाशी पोचल्यावर गुडघे वाकवून, खांदे पाडून बोलायचे. ते गुडघे वाकवणे मुलीने एकदा रांगेतून पाहिले. मारहाणीपेक्षा तेच त्यांच्या मनात राहिले. पास मिळाला की छातीवर लावायचा गोल बिल्ला मिळे, आणि तो घेऊन वडील कामाला जात.

सोळाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. शिवणकाम शिकून त्या जुन्या कोटांचे छोटे कोट करून द्यायच्या. त्यातही चूझान रोडवर व्हिएन्नाच्या लोकांनी थाटलेले कॅफे होते, संगीताचे कार्यक्रम होते, गच्चीवर नाच होता. पोट रिकामे असताना हे कसे, असे मला वाटे. त्यांना त्यात नवल वाटत नसे. मिखाएल ब्लूमेंटाल नावाचा बर्लिनकडचाच, त्यांच्याच वयाचा मुलगाही त्याच गल्ल्यांतून फिरायचा. तो १९७७ साली अमेरिकेचा अर्थमंत्री झाला, ते मावशींनी वर्तमानपत्र हातात घेऊन खाली येऊन मला सांगितले.

चिनी शेजाऱ्यांबद्दल त्या आवर्जून बोलायच्या, कारण निर्वासितांच्या आठवणींत ते मागे पडतात असे त्यांना वाटे. हिवाळ्यात सकाळी रस्त्याकडेला गारठून मेलेली माणसे दिसायची, ती चिनी गरीब. १७ जुलै १९४५ ला अमेरिकन विमानांनी होंगक्यूवर बाँब टाकले. तीसहून अधिक निर्वासित गेले, चिनी शेकड्यांनी गेले. निर्वासित डॉक्टरांनी त्या दिवशी समोर येईल त्याला मलमपट्टी केली. मावशींनी चादरी फाडून पट्ट्या केल्या. पाण्याच्या दुकानापुढच्या रांगेत रोज त्यांच्यापुढे उभी राहणारी बाई त्यांना त्या गर्दीत शोधूनही सापडली नाही.

महिन्याभरात युद्ध संपले. खरा घाव त्यानंतर बसला. युरोपातून वाचलेल्यांच्या याद्या येऊ लागल्या आणि होंगक्यूच्या भिंतींवर चिकटवल्या गेल्या. युद्धात रेड क्रॉसमार्फत पंचवीस शब्दांचा निरोप तेवढा पाठवता येई. बर्लिनला राहिलेल्या आजीकडून तसा एक आला होता, पुढे काही नाही. मावशी रोज आईबरोबर याद्या वाचायला जायच्या. आजी नाही, आत्या नाही, वर्गातल्या मैत्रिणी नाहीत. आपण उपाशी होतो, कोंडलेले होतो, आणि तरी नशीबवान होतो, हे त्या भिंतीपाशी कळले असे त्या म्हणायच्या. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली.

१९४९ मध्ये कुटुंब इस्रायलला आले. बाकीचे अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला पांगले आणि होंगक्यूची शाळा थांबली. सर एली स्वतः १९४४ मध्ये, जपानी अमलात असतानाच, शांघायमध्ये वारले. होंगक्यूतले ओहेल मोशे सिनेगॉग आता निर्वासितांचे संग्रहालय आहे.

आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. आज आपल्या वर्गांत बहुतेक मुले मुसलमान घरची आहेत, याचा मला आनंद आहे, शाळा भरलेली आहे. त्या मुलांना दुसऱ्या महायुद्धाचा धडा शिकवताना शांघायचे एक पान जोडावे. मावशींनी सांगितलेले मी त्या हयात असताना मराठीत लिहून घेतले होते, त्यांना वाचून दाखवून दुरुस्तही केले होते. ती वही या लेखासोबत शाळेच्या ग्रंथालयासाठी पाठवत आहे. नावे गाळली आहेत, बाकी सगळे आहे तसे आहे. इतिहासाच्या बाईंना काही विचारायचे असेल तर कार्यालयात माझा पत्ता आहे. मी जरूर उत्तर देईन.