कुलवृत्तांतात नसलेल्या बायका

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजेच सीजीडी, हा प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार असल्याचे निश्चित झाले, तेव्हा डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक काम दिले. आईच्या बाजूचा, निदान तीन पिढ्यांचा, वंशवृक्ष त्यांना हवा होता. बहीण मुलाच्या उशापासून हलू शकत नव्हती, आई गुडघ्यांमुळे फारशी बाहेर पडत नाही आणि घरात जुनी नाती तोंडपाठ असणारी मीच, म्हणून ते काम माझ्याकडे आले.

आजार उघड होण्याची हकीकत तशी थोडक्यात सांगता येईल. जन्मानंतर दिलेल्या बीसीजीच्या, म्हणजे क्षयावरील सौम्य केलेल्या जिवंत जंतूंच्या, लशीनंतर बाळाच्या डाव्या काखेत गाठ आली, ती फुटली आणि कित्येक महिने वाहत राहिली. काही निरोगी बाळांनाही अशी गाठ येते व आपोआप बरी होते, त्यामुळे तेवढ्यावरून कोणी काही ठरवले नाही. पुढे दुसऱ्या वर्षी यकृतात गळू झाले. त्यातील पू तपासला तेव्हा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडला, आणि इतक्या लहान मुलाच्या यकृतात या जंतूचे गळू आढळले की सीजीडीची शंका घ्यायलाच हवी, असे वडोदऱ्यातील आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितले. खात्री करण्यासाठी डीएचआर नावाची चाचणी लागते. त्यासाठी बाळाचे आणि बहिणीचे रक्त मुंबईला, परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत पाठवायचे ठरले. पेशी जिवंत असताना चाचणी व्हावी लागते, म्हणून रक्त संध्याकाळी काढून रात्रीच्या गाडीने माझा भाऊ ते घेऊन गेला. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी बर्फात ठेवायची नाही, असे त्याला बजावले होते. सोबत शेजारच्या, आमच्या नात्यात नसलेल्या एका निरोगी तरुणाचे रक्तही त्याच पिशवीतून गेले. प्रवासात नमुना खराब झाला असेल तर सगळ्यांचाच होईल आणि चूक लक्षात येईल, हा त्यामागचा हेतू.

चाचणीचे तत्त्व मला फार आवडले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्या रक्तातील न्यूट्रोफिल पेशी जंतूंना गिळतात आणि मग ऑक्सिजनपासून तयार केलेल्या तीव्र रसायनांनी त्यांना मारतात. सीजीडीच्या मुलांच्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. चाचणीत पेशींना उद्दीपित करून त्यांत एक रंगद्रव्य घालतात. पेशीने ती रसायने तयार केली तर रंगद्रव्य हिरवे चमकते, नाही केली तर पेशी अंधारी राहते. फ्लो सायटोमीटर हे यंत्र हजारो पेशी एकेक करून मोजते आणि आलेख काढते. शेजारच्या तरुणाच्या आलेखातील शिखर उजवीकडे, चमकणाऱ्या बाजूला सरकले होते, आणि भाच्याचे डावीकडे जागच्या जागी होते. बहिणीच्या आलेखात मात्र दोन शिखरे होती, एक डावीकडे आणि एक उजवीकडे.

त्या दोन शिखरांमुळेच वंशवृक्षाचे काम सुरू झाले. सीजीडीचे काही प्रकार आईवडील दोघांकडून येतात, पण त्याचा एक मोठा प्रकार एक्स गुणसूत्रावरील सीवायबीबी या जनुकातील दोषामुळे होतो. हे जनुक १९८६ मध्ये सापडले. आधी त्याचे प्रथिन माहीत नसताना केवळ गुणसूत्रावरील जागेवरून शोधून काढलेले ते पहिले रोगजनुक होते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय असते, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले होते. म्हणून वाहक स्त्रीच्या, म्हणजे दोनपैकी एकाच एक्सवर हा दोष असलेल्या स्त्रीच्या, काही पेशी चमकतात, काही चमकत नाहीत, आणि ती बहुधा निरोगी असते. तिच्या प्रत्येक मुलाला हा आजार असण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. निरोगी पुरुषाकडून तो पुढे जातच नाही. म्हणजे माझ्या भावाची मुले या हिशेबातून सुटली आणि शोध आई, आजी, आजीच्या बहिणी, त्यांच्या लेकी अशा बायकांच्याच वाटेने करायचा होता.

येथे आमच्या छापील कुलवृत्तांताचा काही उपयोग झाला नाही. आजीच्या माहेरच्या घराण्याचा जाड ग्रंथ दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरात कपाटात आहे. गायकवाडांच्या दरबारी कारकून म्हणून कोण आला, कोणाला इनाम मिळाले, कोण कोकणातून कोणत्या साली निघाला, हे सारे त्यात आहे. मुलींच्या नावापुढे मात्र सासरचे आडनाव आणि गाव एवढेच, आणि तेथेच ती फांदी संपते. लहानपणी गेलेल्या मुलग्यांपुढे ‘बाल्यात निवर्तले’ असा शेरा आहे. आजीच्या एका भावापुढे तो होता. घराणे टिकवणाऱ्या पुरुषांची एवढी काळजीपूर्वक नोंद करणाऱ्या त्या गृहस्थांना, त्यांच्याच घराण्यातील आजार लेकींबरोबर दुसऱ्या आडनावांत निघून जात होता, हे कळणे शक्यच नव्हते. त्यांना दोष देत नाही. चिडचिड मात्र झाली.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार या संस्थानांतील मराठी कुटुंबांत सोयरिकी आपसांतच होत असत. आजीची थोरली बहीण ग्वाल्हेरला दिलेली होती. तिची मुलगी, म्हणजे आईची मावसबहीण आणि आमची मावशी, आता सत्तरीच्या पुढे आहे. तिला मी फोन केला. डॉक्टरांनी प्रश्न कसे विचारायचे हे सांगून ठेवले होते. ‘घरात काही आजार होता का’ असे विचारले तर सगळे नाही म्हणतात. म्हणून ‘तुला भाऊ किती झाले, त्यांपैकी मोठे किती झाले, जे गेले ते कशाने’ असे क्रमाने विचारायचे होते. मावशीने आधी एकच भाऊ सांगितला, जो आज ग्वाल्हेरलाच असतो. दुसऱ्या वेळी बोलताना ‘माझ्याआधी दोन होते’ हे निघाले. एकाला गंडमाळ होती, मानेच्या गाठी वाहत असत. दुसऱ्याला तापात पोट फुगून काळजाखाली गळू झाले होते. दोघेही शाळेत जायच्या आधीच गेले. घरात क्षय शिरला आहे असे समजून मावशीच्या आईची भांडी वेगळी केली होती, हेही तिने सांगितले, आणि मग बराच वेळ ती सासूबद्दलच बोलत राहिली.

ही मुले सीजीडीचीच होती असे म्हणता येत नाही. त्या काळात गाठींचा क्षय घरोघरी होता. डॉक्टरांनी कागदावर त्यांच्यासाठी दोन चौकोन काढले, मृत म्हणून त्यांवर तिरपी रेघ मारली आणि आत प्रश्नचिन्ह घातले. मुलग्यांना चौकोन, मुलींना वर्तुळ आणि वाहक स्त्रीच्या वर्तुळात ठिपका, अशी ती पद्धत आहे. त्या प्रश्नचिन्हांमुळे एवढे मात्र झाले की ग्वाल्हेरच्या शाखेतील स्त्रियांनी तपासून घ्यावे, असे त्यांनी लेखी दिले.

हा निरोप सांगणे सर्वांत अवघड गेले. मावशीला दोन मुली आहेत, थोरली इंदूरला दिलेली आणि धाकटीचे लग्न ठरायचे आहे. ‘अगं, पोरीची पत्रिका बाहेर पडली आहे आणि तू हे काय काढून बसलीस?’ असे मावशी म्हणाली. तिचे भय खोटे नव्हते. मुलीच्या रक्तात दोष आहे एवढेच शब्द गावभर फिरतात, बाकीचे स्पष्टीकरण घरीच राहते. मी तिला जे सांगितले ते माझ्यापुरते खरे होते : तोपर्यंत माझी स्वतःची तपासणी झाली होती आणि माझ्याही आलेखात दोन शिखरे होती. माझे तोंड वर्षानुवर्षे वरचेवर येते आणि मी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेत आले आहे. वाहक स्त्रियांमध्ये तोंडातले व्रण आणि उन्हाने येणारे चट्टे हे दोन्ही आढळतात, हे त्या दिवशी प्रथम कळले. आम्ही दोघी बहिणी वाहक, म्हणजे आईही वाहक, हे ओघानेच आले. आईने ‘माझ्यामुळे’ हा शब्द एकदा उच्चारला आणि भावाने तो पुन्हा उच्चारू दिला नाही.

माझ्या मुलीचा प्रश्न वेगळा होता. केवळ वाहक आहे का हे जाणण्यासाठी लहान मुलीची जनुकीय तपासणी करू नये, तिला समज आल्यावर तिने ठरवावे, असे सर्वसाधारण मत आहे आणि ते मला पटते. परंतु ज्या वाहक स्त्रियांच्या चमकणाऱ्या पेशी वीस टक्क्यांहून कमी असतात त्यांना स्वतःलाही गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून येथे तपासणीला आरोग्याचे कारण होते. आम्ही मुलीला बसवून सारे समजावले आणि तिच्या होकारानंतर डीएचआर केली. निकाल काय आला हे तिचे तिने कोणाला सांगायचे ते सांगावे.

भाच्याचे उपचार चालू आहेत. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून रोज को-ट्रायमॉक्साझोल आणि बुरशी होऊ नये म्हणून इट्राकोनॅझोल. बुरशी झालेलीच नसताना एवढे जड औषध कशाला, असे बहिणीने विचारले, तेव्हा डॉक्टरांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३९ रुग्णांवरील चाचणीचा हवाला दिला. औषध घेताना एकालाच गंभीर बुरशीसंसर्ग झाला होता आणि बिनऔषधी गोळी घेताना सात जणांना. अ‍ॅस्परजिलस ही बुरशी ओल्या मातीत, कुजक्या पानांत, जुन्या भिंतींच्या धुळीत असते, म्हणून दांडिया बाजारातील घराची दुरुस्ती निघताच बहिणीने बिऱ्हाड हलवले आणि कमाटीबागेत पानगळीच्या दिवसांत जाणे बंद केले. कायमचा इलाज अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा आहे. अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य पूर्वतयारीनंतर, म्हणजे आधी कमी तीव्रतेची औषधे देऊन, प्रत्यारोपण झालेल्या ५६ रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जगले, हा आकडा बहिणीने स्वयंपाकघरातील फळ्यावर लिहून ठेवला आहे. मुलाच्या थोरल्या बहिणीशी ऊतींची जुळणी झाली नाही, भावंडांत ती चारांत एकदाच होते, म्हणून बाहेरचा दाता शोधणे चालू आहे. २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात सीजीडी पहिल्या गटात आहे. त्याखाली नेमलेल्या केंद्रांमार्फत पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि मुंबईचे केईएम त्यांपैकी एक असल्यामुळे अर्ज तेथूनच केला आहे.

इंदूरची थोरली मुलगी गरोदर असताना, आईला न विचारता, नवऱ्याला घेऊन मुंबईला गेली आणि तिने तपासून घेतले. ती वाहक निघाली. मुलगा झाला तेव्हा प्रसूतीच्या खोलीतच तिने डॉक्टरांचे पत्र दाखवून बीसीजी थांबवली. ही लस एक वर्षापर्यंत देता येते, त्यामुळे बाळाच्या तपासणीच्या अहवालाची वाट पाहण्यात काही बिघडणार नव्हते. बाळाला सीजीडी आहे. त्याला बीसीजी दिली गेली नाही. को-ट्रायमॉक्साझोल अगदी नवजात बाळाला देत नाहीत, ते काही आठवड्यांनी सुरू झाले, आणि अजून त्याला एकही गळू झालेले नाही.

मावशी आता आपणहून फोन करते. देवासला दिलेल्या एका चुलत नणंदेची मुले तिने मला मोजून सांगितली, ती या रक्तातली नाहीत असे मला सांगावे लागले. धाकटीचे वर्तुळ कागदावर अजून कोरेच आहे. ती तपासणीला तयार आहे, पण लग्न ठरल्यावर करावी असे मावशीचे म्हणणे आहे, आणि ठरण्याआधी करून मुलाकडच्यांना स्वतःच सांगावे असे माझे.