तीन खिळे कशाला?

मे महिन्यात सोलापुरात दुपारी अडीचला कुणी काम करत नाही. पलीकडच्या गल्लीतले मागसुद्धा जेवणाच्या सुट्टीत गप्प असतात. माझा लॅपटॉप मात्र चालू होता आणि पंख्याचा आवाज असा, की आता उडतोय की काय. चूक माझीच. सोळा जीबी रॅममध्ये मी सहा-सहा जीबीची तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारे लटके संगणक, बसवली होती. साहा त्रिक अठरा, हे मला दुसरीपासून पाठ आहे.

तरी ती चालतात, कारण लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये केएसएम नावाची एक काटकसरी सोय आहे. २.६.३२ या आवृत्तीत, २००९ साली, ती आली. केएसएमडी नावाचा एक कारकून मागे बसून मेमरीची पानं चाळत राहतो. पान म्हणजे मेमरीचा ४०९६ बाइटचा तुकडा. मुळात ठरवून दिलेली चाल म्हणजे शंभर पानं बघायची, वीस मिलिसेकंद डुलकी काढायची, पुन्हा शंभर. दोन मशीनांत हुबेहूब तेच पान सापडलं, की एक ठेवायचं, दुसरं मोडीत, आणि दोघांनाही तेच दाखवायचं. तेव्हा म्हणे सोळा जीबीच्या एका सर्व्हरवर एकेक जीबीची ५२ विंडोज एक्सपी मशीन चालवून दाखवली होती. पत्त्यांचा अख्खा कॅट.

किती पानांची बचत झाली त्याचा आकडा स्क्रीनवर वाढताना बघत बसलो होतो आणि आजी आठवली.

आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडं. आम्ही, पद्मशाली अक्का आणि मागच्या खोलीतले काका. नळ सामाईक, भिंती सामाईक, अंगणातलं उखळ सामाईक. जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरायच्या सुमारास, किराणा दुकानदार तिन्ही घरांना कॅलेंडर द्यायचा. एकाच छापाचं. एका वर्षी आजीनं फर्मान काढलं, "तारीख सगळ्यांची एकच की रे. मग तीन खिळे कशाला?" एकच कॅलेंडर ओसरीत टांगलं. उरलेल्या दोन्हींची मी माझ्या पुस्तकांना कव्हरं घातली.

लिहायची वेळ येईपर्यंत सगळं सुरळीत होतं. आधी काकांनी दुधाचे खाडे मांडले. मग वडिलांनी 'गॅस आला' लिहिलं. अक्कांनी तेलुगूत गोल गोल काहीतरी लिहिलं. ते सुताच्या उधारीचं होतं, पण काकांना वाटलं त्यांच्या खाड्यांवरच शेरा आहे. फेब्रुवारी संपायच्या आत भांडण. प्रत्येकाला आपापलं कॅलेंडर हवं झालं, आणि तेव्हा कळलं की अक्कांचं माझ्या भूगोलावर चढलंय.

केएसएम इथं आजीपेक्षा शहाणं. वाचताय तोवर सामाईक. ज्यानं लिहायला हात लावला त्याला त्याच क्षणी स्वतंत्र प्रत. याला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. भूगोलाचं पुस्तक सोलावं लागत नाही.

पण ती प्रत काढायला वेळ लागतो. अगदी किंचित, तरी मोजता येतो. आणि भानगड तिथंच आहे. शेजारच्या मशीनमध्ये बसलेल्या एखाद्या चोंबड्यानं अंदाजानं एक पान तयार करायचं, कारकुनाची फेरी होईपर्यंत थांबायचं, मग त्यावर लिहून बघायचं. उशीर लागला, तर तेच पान शेजाऱ्याकडे आहे. न डोकावता कळलं. अशाच प्रकारच्या धास्तीनं २०१४ च्या अखेरीस व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअर कंपनीनं वेगवेगळ्या मशीनांमधली अशी वाटणी मूळ सेटिंगमध्ये बंदच करून टाकली.

आजीला ही विद्या आधीपासून येत होती. उखळ अंगणात होतं, पण मुसळ ज्यानं शेवटचं वापरलं त्याच्या घरात. ती मला अक्कांकडे मुसळ आणायला पिटाळायची आणि स्वतः दारात उभी राहायची. लगेच मिळालं तर काही नाही. उशीर झाला तर अक्का ते धूत होत्या. म्हणजे शेंगाचटणी कुटली होती. उन्हाळ्यात एवढी चटणी म्हणजे कडक भाकऱ्याही झाल्या असणार. मी परत येईपर्यंत निकाल तयार असायचा, "थोरला पुण्याला निघाला बघ." आणि आमच्याकडे त्या दिवशी कुटायचं काहीच नसायचं. मुसळ दाराशी टेकवलेलं असायचं, पुढच्या चौकशीपर्यंत. मला वाटतं, उलट दिशेनंही हेच चालत असणार. माझा दहावीचा निकाल अक्कांना आमच्या आधी कसा कळला, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

तासाभरात दीड-दोन जीबी वाचली. पण ती पानं चाळता चाळता प्रोसेसर असा तापला, की मुसळ केरात म्हणतात तसं झालं. केएसएम बंद केलं, एक मशीनही बंद केलं. पंखा शांत झाल्यावर शेजारच्या फ्लॅटमधला मिक्सर ऐकू आला. दोन फिरक्या, थांबा, पुन्हा दोन. शेंगा नव्हेत. ताक असावं.

वाडा पाडला तेव्हा तिन्ही बिऱ्हाडं तीन दिशांना गेली. मुसळ त्या दिवशी आमच्याकडे होतं, म्हणून आमच्याकडेच राहिलं, माळ्यावर आहे. उखळ जमिनीत पुरलेलं. ते कुणालाच काढता आलं नाही.