आमची वाटचाल : नाना पेठेतल्या रिक्षांपासून जुन्या स्पोर्ट्स कारपर्यंत

वडिलांनी नाना पेठेत सायलेन्सर दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे रिक्षावाले आणि मॅटाडोरवाले. टू-स्ट्रोक रिक्षाचा सायलेन्सर ऑइलच्या काजळीनं चोंदायचा आणि गाडी चढाला दम टाकायची. मग ड्रम कापायचा, काजळी जाळून, खरवडून काढायची आणि पुन्हा गॅस वेल्डिंगनं बंद करायचा. पाइप वाकवायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. पाइपात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी बंद करायची, वाकण घ्यायचंय तेवढाच भाग लाल होईपर्यंत तापवायचा आणि बेताबेतानं ओढायचा. वाळू आधी पत्र्यावर भाजून अगदी कोरडी करून घ्यावी लागते. ओल राहिली तर आत वाफ कोंडते आणि बूच उडून कुणाच्या तरी तोंडावर बसतं. हे सगळं मी शाळेत असतानाच शिकलो. वाकणात पाइप चपटा झाला की वडील तो बाजूला टाकायचे आणि नवा घ्यायला लावायचे, मग तो रिक्षाचा का असेना. वाकणात पाइपाचं पोट कमी होता कामा नये, या एका गोष्टीवर आमचा धंदा आजही उभा आहे.

पुढे फोर-स्ट्रोक आणि सीएनजी रिक्षा आल्या, काजळीचं काम संपलं. मोटारींचे सायलेन्सरही तयार मिळायला लागले, दुरुस्ती करून वापरणारे कमी झाले. पेठेतलं भाडं परवडेना म्हणून आम्ही नऱ्ह्याला शेड घेतली. त्या मधल्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जिन्यांची रेलिंग केली, गेट केले, घर चालवलं.

जुन्या गाड्या जपणाऱ्या लोकांनी आम्हाला पुन्हा मूळ कामावर आणलं. पद्मिनी, जिप्सी, जुन्या मर्सिडीज. या गाड्यांचे सायलेन्सर कुठे मिळत नाहीत आणि मिळाले तर बसत नाहीत. तोंडी नाव होत गेलं. मग एके दिवशी कोथरूडच्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी त्यांची लाल मझदा एमएक्स-५ आणली. पहिल्या पिढीतली, १.६ लिटर इंजिनाची. १९८९ साली बाजारात आलेली ही दोन माणसांची उघडी गाडी मी तोवर फक्त चित्रात पाहिली होती. मागचा सायलेन्सर शिवणीवर सडला होता. काकांनी परदेशातून स्टेनलेसचं तयार किट मागवलं होतं आणि ते नुसतं बसवून हवं होतं.

नुसतं बसवणं असं काही नसतं. तीस-पस्तीस वर्षं तापून थंड झालेले नट-बोल्ट आधी सोडवायचे असतात, आणि जुन्या एक्झॉस्टच्या कामातला निम्मा वेळ तिथेच जातो. आदल्या संध्याकाळी प्रत्येक नटावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. सकाळी ताकद लावायची नाही. नटाला गॅसनं चेरी रंगावर आणायचं, बोल्टला शक्यतो आच लागू द्यायची नाही, आणि पाना आधी घट्ट करायच्या दिशेला केसभर हलवायचा. गंजाची पकड सुटली की एक बारीक टिचकीसारखा आवाज येतो. तो आल्याशिवाय आमचे वेल्डर मामा कुणाला पान्याला हात लावू देत नाहीत. स्टड म्हणजे रोवलेला बोल्ट मॅनिफोल्डमध्ये, इंजिनाला लागून असलेल्या पाइपांच्या जुडग्यात, तुटला तर दोन तासांचं काम दोन दिवसांवर जातं.

किट गाडीखाली धरलं तर मधल्या फ्लँजमध्ये, म्हणजे दोन पाइप बोल्टनं जोडायच्या चकत्यांमध्ये, बोटभर फट. मागचं तोंड बंपरच्या खाचेत एका बाजूला सरकलेलं. काका म्हणाले, "ओढून बोल्ट मारता नाही का येणार?" मी म्हटलं, "काका, येईल, पण टिकणार नाही." तीन मीटरचा स्टेनलेस पाइप चारशे अंशांनी तापला की सुमारे २० मिलिमीटर लांबतो. त्याला हलायला जागा हवी, म्हणून तर तो रबरांवर टांगलेला असतो. ओढून ताणून बसवलेला पाइप ताप-थंडीच्या फेऱ्यांत वेल्डजवळ तडकतोच. आम्ही किटचा मधला पाइप कापला, सगळे हँगर, म्हणजे पाइप टांगायचे आकडे, नव्या रबरांवर मोकळे लटकू दिले आणि पाइप स्वतःहून जिथे येतो तिथे त्याला वेल्डचे टाके मारले. पूर्ण वेल्ड खाली उतरवून, टिग वेल्डिंगच्या मशीनवर, वेल्डला हवा लागू न देणारा आर्गन वायू पाइपाच्या आतूनही सोडून केला. आतून आर्गन नसेल तर स्टेनलेसच्या वेल्डची मागची बाजू काळी, खरबरीत होते आणि पुढे तिथूनच सडते.

बसवून झाल्यावर शेपटीच्या तोंडाला चिंधी दाबायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं. पुढच्या जोडांवर मी स्वतः बघतो. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बारीकशी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं आणि कंप्युटर पेट्रोल वाढवत बसतो. मग गिऱ्हाईक ॲव्हरेजची तक्रार घेऊन तिसऱ्याच गॅरेजला जातं.

गाडी कात्रज बायपासला नेली आणि खरं दुखणं तिथे कळलं. तीन हजार आरपीएमच्या आसपास कानात दडा बसेल असा घुमारा. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. तीन हजार आरपीएम म्हणजे सेकंदाला पन्नास फेरे, शंभर स्फोट. नेमक्या त्या शंभर हर्ट्झला गाडीचा पत्रा साथ द्यायला लागतो. सायलेन्सरमध्ये आणखी काचलोकर भरून हा घुमारा जात नाही, कारण काचलोकर वरचे, किरटे आवाज खाते. खालच्या सुराला दुसरा उपाय आहे. मुख्य पाइपाला बाजूनं एक बंद तोंडाची नळी जोडायची. लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते आणि लांबी बरोबर असेल तर उलटी होऊन मूळ लाटेला मारते. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला चारशे मीटरच्या वर जातो, म्हणून शंभर हर्ट्झसाठी नळी साधारण एक मीटरची लागते. छोट्या गाडीखाली सरळ एक मीटर जागा कुठली? ती मागच्या सायलेन्सरच्या कडेनं मुडपून नेली आणि लांबी जरा जास्तच ठेवली. मग बायपासला फेरी मारायची, येऊन थोडी कापायची, पुन्हा फेरी. घुमारा गेला, पण मझदाच्या इंजिनिअरांनी मुद्दाम घडवलेला तो भरदार आवाज राहिला. छत उघडं ठेवून काका-काकू पानशेतला जाऊन आले. काकूंनी फोन केला, "आता ह्यांच्याशी बोलता येतं गाडीत."

त्या गाडीनं आमचं काम बदललं. कर्ज काढून मँड्रेल बेंडर, म्हणजे पाइप वाकवायचं मशीन, घेतला. त्यात वाकवताना पाइपाच्या आत गोटा असतो, जे काम पूर्वी वाळू करायची. औंधच्या आयटीआयमधून शिकून आलेला एक पोरगा टिगवर बसवला, त्याचा हात आता मामांच्या तोडीचा आहे.

फटाके फोडणारा सायलेन्सर मागायला मुलं येतात, त्यांना आम्ही परत पाठवतो. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकण्याचं कामही घेत नाही, कितीही पैसे दिले तरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ बनावटीशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आवाजाच्या पहिल्या गुन्ह्याला कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बाद. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पुणे पोलिसांनी रोडरोलर फिरवलेला सगळ्यांनी पाहिला आहे. पण कायदा नसता तरी आम्ही हे केलं नसतं. सायलेन्सरवाल्यानं आवाज वाढवून द्यायचा असेल तर वडिलांनी आयुष्यभर काय केलं? मूळ भाग मिळत असेल तर तोच आणा, असं आम्ही आधी सांगतो. मिळत नसेल तरच बनवतो, आणि तो मुळापेक्षा मोठ्यानं वाजणार नाही हे मीटर लावून दाखवतो.

बसवलेली प्रत्येक गाडी दोनेकशे किलोमीटर चालल्यावर परत बोलावतो, गॅस्केट बसलेलं असतं म्हणून बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. त्याचे पैसे घेत नाही. प्रत्येक पाइपाची वाकणं, कोन आणि हँगरच्या जागा वहीत काढून ठेवतो, म्हणजे तशीच दुसरी गाडी आली तर मापं तयार असतात. जुनी गाडी आणणाऱ्यांना एक विनंती आहे. मूळ सायलेन्सर कितीही सडलेला असला तरी भंगारात देऊ नका, डिकीत टाकून आणा. हँगरच्या खऱ्या जागा आम्हाला त्यावरूनच कळतात. आणि गाडी सकाळी आणून लावा, गरम पाइपाला दुपारपर्यंत हात लावता येत नाही.