नाकाची ओसरी

पुणेकराचं नाक जरा वरच असतं, असं बाहेरगावचे लोक म्हणतात, आणि पुणेकर ते फारसं मनावर घेत नाहीत. नाक मुरडायचं, दुसऱ्याच्या भानगडीत खुपसायचं, कुणी वरचढ झालाच तर त्याचं ठेचायचं. आमच्याकडे नाक सतत कामात. या सगळ्या उद्योगांत वास घेणं तेवढं कुठे येत नाही. आणि खरं सांगायचं तर बाहेर दिसणाऱ्या या नाकात वास कळण्याची सोयच नाही.

ते नाक म्हणजे वाड्याची ओसरी. वर थोडं हाड, खाली कूर्चा, म्हणजे हाडासारखी न टिकणारी लवचीक पेशीजाल. म्हणून तर कवटीला नाकाच्या जागी नुसतं भोक असतं. चष्मा टेकतो हाडावर, नथ लोंबते नाकपुडीला. वासाचा कारभार चालतो पार आत माजघरात, दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या छताला. तिथे मोजक्या चौरस सेंटीमीटरांचं पिवळसर अस्तर आहे आणि त्यात लाखो चेतापेशी. वरच्या हाडाला बारीक भोकं आहेत, त्यांतून या पेशींचे धागे थेट मेंदूत शिरतात. वास ओळखणाऱ्या ग्राहक प्रथिनांचे माणसात सुमारे ४०० प्रकार. त्यांची जनुकं शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ साली नोबेल मिळालं. मोगरा, रॉकेल, भिजलेली माती हे सगळं याच ४०० जणांच्या वेगवेगळ्या जुळण्यांतून ओळखलं जातं.

पण लोकांना काळजी ओसरीची. कापतात तीही तीच.

अशाच एका कापलेल्या नाकाची डागडुजी पुण्याजवळ झाली आणि ती पार लंडनपर्यंत गाजली. कावसजी हा इंग्रजी फौजेत बैल हाकणारा. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या थोटकावर बसवून आकार घेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन्ही भुवयांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र कापली नाही, कारण नव्या नाकाला रक्त तिथूनच पोचणार होतं. नवं नाक जागेवर रुजलं, मग पंचवीसेक दिवसांनी ती पट्टीही तोडली. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. १७९४च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजीचं चित्र आणि सगळी हकीकत छापून आली. पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यू या सर्जननं याच पद्धतीनं लंडनमध्ये नाक बसवलं. कपाळाच्या कातडीचं नाक आजही करतात. करणाऱ्याचं नाव मात्र त्या हकीकतीत नाही. आमच्या बागांतल्या बाकड्यांवरसुद्धा ‘कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ’ असतं, आणि हा माणूस बिननावाचा राहिला.

माजघराची आठवण आपल्याला होते ती सर्दी झाल्यावर. मिसळ बेचव लागते आणि आपण जिभेला बोल लावतो. बिचाऱ्या जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्श्याला असते ती चव) याच्या पलीकडे फारसं काही कळत नाही. मसाल्याचा खमंगपणा, लसूण, वरून पेरलेली कोथिंबीर हे सगळं घास चावताना घशामागून वर चढणाऱ्या हवेतून नाकालाच कळतं. तिखटाची मात्र तऱ्हा निराळी. आपल्या षड्रसांत ते मानानं बसलेलं असलं, तरी ती ना चव, ना वास. ती सरळ आग आहे. उष्णता आणि वेदना कळवणारे जे चेतातंतू, त्यांनाच मिरचीतलं कॅप्सायसिन चेतवतं. फोडणीत मिरची जळली की शेजारच्या ब्लॉकमध्ये जो ठसका लागतो, तोही या तंतूंचाच.

२०२० साली करोनानं लोकांचे वास नेले, तेव्हा आमच्या इमारतीत सकाळी उठल्यावर हिंगाची डबी नाकाशी धरायची चालच पडली होती. आला वास, की दिवस सुरू. तो विषाणू वासाच्या पेशींपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना जास्त धरत होता, हे पुढे कळलं. त्यामुळे बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. तसंही या चेतापेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत राहतात. शरीरातल्या फार थोड्या चेतापेशींना ही सवलत आहे.

आणि नाकाला एक खोड आहे. एकच वास सलग येत राहिला, की काही मिनिटांत ते त्याची दखल घेणं जवळजवळ सोडून देतं, म्हणजे नवा वास आला तर कळावा. उन्हाळ्यात मुठा नदीवरच्या भिडे पुलावरून जाताना रुमाल, ओढण्या, हेल्मेटच्या काचा, जे असेल ते नाकावर येतं, कारण आपण तिथे नवे असतो. मागे ओळखीच्या एका काकांकडे गेलो होतो, मुठेच्या काठी, नव्या फ्लॅटवर. जाहिरातीत ‘रिव्हर व्ह्यू’ होता, आणि तो खरंच होता. मी गॅलरीत गेल्या गेल्या खिशात रुमाल चाचपला. काका आरामखुर्चीत चहा पीत म्हणाले, “आम्ही रात्रीसुद्धा खिडक्या उघड्याच ठेवतो. हवा काय सुंदर येते!”

मी तोंडानं श्वास घेत “हो ना” म्हटलं.